नसलेल्या पोफळीमागचा तारा

पोफळीवर चढलेल्या माणसाने खाली पाहायचे नसते, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. पाडेल्यांच्या घरांत मात्र पोराला आधी दुसरा नियम शिकवतात: शेजारच्या झाडावर जायचे असेल तेव्हा खोडाकडे पाहायचे नाही, शेंड्याकडे पाहायचे. सुपारी काढणारा प्रत्येक झाडावरून उतरून नव्याने चढत बसला तर दिवस पुरत नाही. तो वरच्या वर झोका घेऊन झाड वाकवतो, हात लांब करून शेजारचे खोड पकडतो आणि पाय मागून नेतो. त्या क्षणी नजर शेंड्यावर रोवलेली असली की झोक्याचा अंदाज चुकत नाही. खोड हाताला आपसूक सापडते. दिवेआगरच्या रामाला हा नियम त्याच्या बापाने, धर्मा पाडेल्याने, सोळाव्या वर्षी शिकवला. पुढची बेचाळीस वर्षे रामाने तो एकदाही मोडला नाही. त्याच्यावर जो प्रसंग आला, तो नियम मोडल्यामुळे आलेला नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे.

रामाच्या मालकीची एकही पोफळ नव्हती. आज्याने छप्पन सालानंतर दीक्षा घेतली तेव्हा त्याच्यापाशी कोयता, दोरी आणि दोन हात होते. नातवापाशीही तेवढेच राहिले. आज्याची एक शिस्त मात्र घरात टिकून होती. देवऋषी, उतारा, भूतखेत यांना उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही. जे दिसेल ते बोलायचे, जे दिसले नाही ते बोलायचे नाही. रामाची बायको पुतळाबाई गमतीने म्हणे, "आमच्या घरात भुतांना बंदी हाय, म्हणून ती बिचारी शेजारणीकडं राहतात."

रामा ज्या वाडीत राबत असे ती कल्पिताची. समुद्राकडून येणाऱ्या रस्त्याला लागून तिने चार खोल्या बांधल्या होत्या आणि ती तिथे पर्यटकांना उतरवी. मागे सातशे पोफळी, मधून मधून नारळ, जायफळ, आणि मधोमध विहीर. झाडांना नावे ठेवायची पाडेल्यांची जुनी खोड रामालाही होती. विहिरीजवळच्या तिघींना, म्हणजे तीन पोफळींना, तो सून, सासू आणि जावई म्हणे. सासू वाडीतली सगळ्यांत उंच पोफळ. वारा नसतानाही करकरायची. तिच्या शेजारची सून बुटकी आणि लवचिक. जावई थोडा आडबाजूला, ऐटीत उभा. सुनेवरून सासूवर आणि सुनेवरून जावयावर असे दोन्हीकडे जाता येई. रामा बहुतेक वेळा आधी सासूवर जाई. "मोठ्या माणसाचा मान आधी," तो म्हणे.

दोन हजार वीसच्या जून महिन्यातले वादळ तीन-चार तासच घोंघावले. सातशेपैकी एकशे चाळीस झाडे उभी राहिली. सासू मुळासकट उपटली आणि विहिरीच्या कठड्यावर आडवी पडली. सून आणि जावई वाचले. पुढे जेसीबी आला, त्याने बुंधे उचकटले, खड्डे बुजवले, आणि वाडीच्या मधोमध एक मैदान तयार झाले.

त्याआधी वाडीत आकाश ही गोष्टच नव्हती. दिवसा पानांतून गळणारा उजेड आणि रात्री काळोख, एवढेच खालून दिसे. तारे पाहिले होते ते एकट्या रामाने. वारा उठायच्या आत चढायचे म्हणून तो भल्या पहाटे शेंड्यावर असे आणि तिथे डोके पानांबाहेर निघाले की सगळे नक्षत्रमंडळ अंगावर येई. वादळानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. माणसे घराबाहेर बसू लागली, वर पाहू लागली, आणि हे काय, ते काय, असे विचारू लागली. सांगणारा रामाच होता.

तो विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर उताणा पडे आणि पडून सांगे. त्याची सांगण्याची रीत जगावेगळी होती. पडलेले प्रत्येक झाड केवढे उंच होते आणि कुठे होते हे त्याच्या अंगाला पाठ होते, कारण त्या प्रत्येकावर तो शेकडो वेळा चढला होता. म्हणून तो म्हणे, "कृत्तिका आता वाकडीच्या शेंड्याला आल्या," किंवा "गुरू म्हातारीच्या कमरेला हाय." वाकडी आणि म्हातारी या दोघी केव्हाच चुलीत गेल्या होत्या. ऐकणाऱ्याला आधी हसू येई. मग तो रामाच्या बोटाच्या दिशेने पाही आणि तारा खरेच तिथे असे. भरती-ओहोटीच्या वेळा छापलेले एक कॅलेंडर रामाच्या घरी होते. त्याच्या चौकोनांत तो पेन्सिलीने नोंद करी: कोणता तारा, कोणत्या झाडाला, किती वाजता. चौथीपर्यंतचे अक्षर, पण एकही दिवस कोरा नाही. ढग असतील तर 'ढग' असे लिहिलेले.

या नोंदींमुळेच गावात त्याच्या शब्दाला वजन आले. सुरूच्या बनावर तांबूस दिवा दिसतो, चकवा आहे, अशी हूल उठली तेव्हा रामाने तीन संध्याकाळी माणसांना तिथे नेऊन बसवले आणि तो दिवा मंगळ आहे हे दाखवले. एकदा आकाशातून दिव्यांची माळच्या माळ सरकत गेली आणि बायकांनी पोरांना घरात ओढले, तेव्हा त्यानेच सांगितले, की हे माणसांनी वर सोडलेले उपग्रह आहेत, पाहुण्यांपैकी एकाने मला मोबाइलवर वेळसुद्धा दाखवली होती. आणि वाडी झाडणारी सोनाबाई, पडलेली सासू रात्री करकरते, असे सांगत फिरू लागली, तेव्हा रामाने तिला चार माणसांदेखत विहिरीशी नेले, गंजलेला रहाट हाताने हलवला आणि विचारले, "हाच आवाज का?"

सोनाबाई म्हणाली, "हाच. पण झाडाचा."

लोक हसले. सोनाबाई हसली नाही. "हसा," ती रामाला म्हणाली, "तू तिच्या डोक्यावर चढत होतास, मी पायाशी झाडत होते. तुला काय ठाऊक ती कुठं हाय?"

वादळानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात, मार्गशीर्ष लागला त्या सुमारास, रामा जेवून एकटाच दगडावर पडला होता. मृग नक्षत्र पूर्वेला वर येत होते. त्यातल्या तांबड्या ताऱ्याची त्याला नोंद करायची होती. त्याने नेहमीच्या सवयीने नजर सासूच्या शेंड्यावर ठेवली, म्हणजे शेंडा जिथे असायचा त्या रिकाम्या जागेवर, आणि तारा खालून तिथवर यायची वाट पाहू लागला. तारा थोडा वर आला आणि विझला.

ढग नव्हता. आजूबाजूचे तारे जागच्या जागी होते. रामा हलला नाही. बऱ्याच वेळाने, वीस-पंचवीस मिनिटे झाली असतील, तांबडा तारा शेंड्याच्या जागेपाशी पुन्हा उगवला. पोफळीच्या मागून कोणी चढत जावे आणि वर डोके काढावे, तसा.

दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री त्याने तारा दिसेनासा झाल्यावर शेंड्यावरची नजर काढून थेट खाली पाहिले. तारा होता, लख्ख. पुन्हा शेंड्याकडे पाहिले, तारा नाही. त्याच्या अंगावर काटा आला तो या वेळी. झाड असेल तर असो, नसेल तर नसो. पण पाहिले की बाजूला सरणारे आणि नजर वळली की परत येऊन उभे राहणारे झाड त्याने कधी ऐकले नव्हते.

रामा घाबरट नव्हता आणि अडाणीही नव्हता. त्याच्या मनात पहिली शंका डोळ्यांचीच आली, आणि त्याने ती जमेल तेवढ्या काटेकोरपणे तपासली. चौथ्या रात्री डावा डोळा झाकून पाहिले: तारा विझला. उजवा झाकून पाहिले: तरीही विझला. दोन डोळे एकाच वेळी, एकाच जागी कसे बिघडतील? मग कृत्तिका मोजल्या. सहा दिसल्या, पूर्वी दिसत तेवढ्याच. सकाळी पुतळाबाईची सुई मागून घेतली आणि पहिल्या खेपेला दोरा ओवला. डोळा अधू असता तर थेट पाहताना आधी अंधुक दिसले असते, असा त्याने हिशेब केला. हिशेबात वरवर चूक नव्हती. कॅलेंडरच्या त्या चार चौकोनांत त्याने तारा आणि वेळ लिहिली आहे; झाडाच्या नावाची जागा मोकळी सोडली आहे.

कोणाला विचारावे? विचारणे म्हणजे अर्धे सांगणेच होते. उलटा-सुलटा कसाही विचार केला तरी दोनच वाटा निघत. बिघाड डोळ्यांत असेल तर उद्यापासून झाडावर चढणे संपले, आणि चढण्याखेरीज त्याला दुसरे काही येत नव्हते. डोळे ठीक असतील तर सासू तिथे उभी होती, आणि हे रामाने तोंडाने म्हणायचे म्हणजे चकव्यापासून रहाटापर्यंत आजवर जे जे खोडून काढले ते ते सगळे पुन्हा उभे करायचे. सुपारी काढायचे दिवस संपत आले होते. विहिरीजवळची झाडे शेवटच्या आठवड्यासाठी ठेवली होती, तो आठवडा आता आला होता.

त्याच दिवसांत उल्का पडणार म्हणून कल्पिताकडे पुण्याचे आठ पाहुणे आले. तिने रात्रीच्या जेवणानंतर अंगणातले दिवे मालवले, चटया घातल्या.

"रामादादा, सुरुवात करा. यांना तुमचं ते झाडांचं गणित ऐकायचंय."

रामाने उभे राहून गुरू दाखवला, कृत्तिका दाखवल्या. तेवढ्यात एका पाहुण्याने विचारले, "आणि तो लालसर तारा?"

"तो मृगाचा. आता सासूच्या..." रामा थांबला.

"सासूच्या काय?"

"सासू म्हंजे पोफळ व्हती एक. वादळात गेली."

"नशीबवान आहात!" पाहुणा म्हणाला आणि सगळे हसले.

मागून पुतळाबाई चहाचे कप घेऊन येत होती. "नशीब कसलं? खरी सासू गेली तर चार दिवसांत घर मोकळं होतं. ही मेल्यावरसुद्धा माझ्या नवऱ्याला रोज रात्री बोलावून घेते."

पुन्हा हसू उसळले. रामाने कप घ्यायला हात पुढे केला आणि बोटे कपाच्या बाजूने हवेतच मिटली. पुतळाबाईने कप त्याच्या हातात ठेवला. त्या रात्री उल्का पुष्कळ पडल्या, पाहुणे ओरडत राहिले, "ती बघा, ती बघा!" आणि रामा निम्म्या वेळा उशिरा मान वळवत राहिला.

पाहुणे झोपायला गेल्यावर त्याने बायकोला हाक मारली. "पुतळे, जरा इकडं ये. दगडावर पड."

"या थंडीत? वय काय, थेरं काय?"

"पड म्हणतो ना."

त्याचा आवाज ऐकून ती पडली. तो शेजारी टेकला. मृगाचा तांबडा एव्हाना खूप वर गेला होता. त्याच्या मागोमाग व्याध, सगळ्या ताऱ्यांत तेजस्वी, पूर्वेकडून चढत होता. रामाने तिला सासूच्या शेंड्याची जागा बोटाने दाखवली. "तिथं नजर ठेव. हलवायची न्हाय. तो मोठा तारा खालून वर येतोय ना, तो गेला की सांग."

"गेला म्हंजे? कुटं जाईल?"

"तू फकस्त सांग."

समुद्राचा आवाज लांबून येत होता. रहाट हलत नव्हता, वारा पडला होता. रामाने आपली नजर त्याच रिकाम्या जागेवर रोवली. व्याध चढत आला, आणखी चढला, आणि रामाच्या समोर विझला. तो काही बोलला नाही, हललाही नाही. फक्त श्वास अडकला.

"गेला," पुतळाबाई म्हणाली.

रामाने तिच्याकडे पाहिले. तिचा चेहरा अंधारात दिसत नव्हता.

"तुला दिसलं? गेला तो?"

"व्हय. गेला. चला आता, गारठले मी."

त्या रात्री रामाला झोप लागली नाही. एका अर्थी सुटका झाली होती: डोळे ठीक होते, दोघांचे डोळे एकाच वेळी कसे बिघडणार? आणि नेमक्या त्याच सुटकेने त्याला घाम फोडला. पहाटे कधीतरी त्याला करकर ऐकू आली. रहाटाची असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. आणि वारा पडला आहे हे त्याला आठवले.

उजाडायच्या आत तो कोयता आणि दोरी घेऊन निघाला. पुतळाबाई चुलीपाशी बसली होती.

"आज राहू द्या," ती म्हणाली.

"का?"

"झोपला न्हाय तुमी."

"डोळे ठीक हायत. तूच बोललीस ना?"

ती पिठात हात घालून बसून राहिली.

वाडीत मोरू आधीच येऊन बिडी ओढत होता. रामा वर, मोरू खाली. वरून दोरीवरून सोडलेले सुपारीचे घोस झेलायचे काम त्याचे, तीस वर्षांपासून.

"कुठनं धरतोस?" मोरूने विचारले.

"सुनेवरनं."

"धर. सासू नाय, आता सून बिनघोर झाली." मोरू स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.

रामाने दोरीचे वेटोळे पायांत अडकवले आणि चढू लागला. अंगाला सगळे आठवत होते. पाय खोडावर आपोआप घट्ट बसत होते. शेंड्याशी पोचून त्याने पहिला घोस कापला, दोरीवरून सोडला, खालून मोरूचा "आला!" ऐकू आला. दुसरा कापला. पूर्वेला फटफटू लागले होते आणि शुक्र इतका तेजस्वी होता, की त्याचा उजेड पानांवर पडल्यासारखा वाटत होता. आता जावयावर जायचे.

रामाने झोका घ्यायला सुरुवात केली आणि नियमाप्रमाणे नजर जावयाच्या शेंड्यावर ठेवली. सून वाकली, परत आली, पुन्हा वाकली. तिसऱ्या झोक्याला हात सोडायचा. दुसऱ्या झोक्याला शुक्र विझला.

रामाची नजर शेंड्यावरून हलली नाही. बेचाळीस वर्षांची सवय होती. पण त्याला कळले, की जावयाला खोड नाही. शेंडा होता, पाने होती, पिकलेले केशरी घोस होते, आणि त्यांच्याखाली फिकट आकाश. शेंडा अधांतरी तरंगत होता. आणि उजव्या हाताला, जिथे शुक्र असायला हवा होता, तिथे काहीतरी होते. दिसत नव्हते, पण होते, जसे अंधाऱ्या खोलीत कोणी उभे असले की कळते. उंच, ओळखीचे, हाताच्या अंतरावर. बोटांना तिचा खरखरीतपणा आठवला. जे झाड आहे त्याला खोड नव्हते, जे नाही त्याने तारा झाकला होता. पुतळीलाही दिसली होती ती. मोठ्या माणसाचा मान आधी. सून तिसऱ्यांदा वाकू लागली आणि रामाने उजवा हात सोडून लांब केला.

"मला न्हाय दिसलं!"

खालून आलेला आवाज इतका चिरका होता, की तो आधी माणसाचा वाटला नाही.

"अवं, मला न्हाय दिसलं काय! खोटं बोलले मी! तारा तिथंच व्हता! तिथंच व्हता तो!"

रामाचा हात हवेत राहिला. सून परत फिरली, त्याला घेऊन. त्याने दोन्ही हातांनी तिच्या खोडाला मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. झोका थांबेपर्यंत तो तसाच राहिला. मग डोळे न उघडता, एकेक पाय चाचपत, तो खाली आला. मोरूने त्याला काखेत धरून बसवले. पुतळाबाई पाच हातांवर उभी होती. हातांना पीठ तसेच, पायांत चपला नव्हत्या.

"तू बघत व्हतीस कुटं मग?" रामाने विचारले.

"तुमच्याकडं. तुमचा श्वास अडकला, म्हणून बोलले."

पुढचे तिने हळूहळू सांगितले. चार महिन्यांपासून ती पाहत होती: तो दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, बाजूला ठेवलेला तांब्या लाथाडतो, कप चुकतो. डोळ्यांचे तिला कळले होते. दगडावर पडल्यावर तिला वाटले, हा बोलून दाखवत नाही, आपणच व्हय म्हणावे, एक रात्र तरी शांत झोपेल. भाकरी थापताना तिच्या लक्षात आले, की आपल्या त्या एका शब्दाच्या भरवशावर तो झाडावर गेला आहे.

मोरूने नवी बिडी पेटवली. ती पेटायला तीन काड्या लागल्या.

अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला एका गोल यंत्रापुढे बसवले, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायला लावली आणि कडेला उजेड दिसला की बटण दाबायला सांगितले. हे सारे त्याला नवे नव्हते. वाडीत तो रोज हेच करत होता. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, आणि दोन्हीकडे जवळजवळ एकाच जागी. "समोरचं शेवटपर्यंत नीट दिसतं, म्हणून माणसाला कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "नजर एका जागी धरली की बाजूचा तेवढा तुकडा गायब. तिथे काय असावं हे मग मेंदू ठरवतो." गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे होते. झाडावर चढायचे नाही.

रामाने गावात कोणापासून काही लपवले नाही. कल्पिताला सांगितले, मोरूला सांगितले, सोनाबाईलाही जाऊन सांगितले. सोनाबाईने ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "बरं झालं औषध मिळालं," आणि झाडू उचलून कामाला लागली. तारे दाखवणे त्याने सोडले नाही. फक्त आता नजर धरून पडायचे नाही, मान फिरवत राहायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि तो तसे करी. कॅलेंडरात झाडांची नावे येईनाशी झाली. तो आता नुसत्या दिशा लिहितो.

श्रावणात कल्पिताने रोपे आणली. मोकळ्या मैदानात पुन्हा पोफळी लावायच्या होत्या. चढण्याऐवजी खड्डे खणायचे काम रामाने मागून घेतले. पुतळाबाई रोपे उचलून देत होती. दोरी लावून ओळी आखल्या होत्या, दर सहा हातांवर एक खूण. सुनेच्या शेजारी, जिथे सासू असायची, त्या खुणेपाशी पोचेपर्यंत दुपार टळली होती. रामाने कुदळ उचलली आणि थांबला. त्या जागी गवत होते, चिखल होता, दुसरे काही नव्हते. त्याने डोके डावीकडे वळवून पाहिले, उजवीकडे वळवून पाहिले. डॉक्टरांनी सांगितले होते तसे.

मग त्याने वळून पुतळाबाईकडे पाहिले. तिने रोप आधीच खाली टेकवले होते, खुणेपासून दोन हात बाजूला. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि समुद्राकडे पाहत होती.

रामाने रोपापाशी खड्डा खणला.

संध्याकाळी कल्पिता छत्री घेऊन पाहणी करत आली. सगळी ओळ सरळ होती, एकच रोप बाहेर.

"रामादादा, हे असं वाकडं कसं लागलं? मधे काही होतं का?"

"डोळ्यांनी अंदाज चुकतो हो आताशा, वैनी," रामा म्हणाला.

पुतळाबाईने रिकाम्या पिशव्या गोळा केल्या, डोक्यावर घेतल्या आणि ती घराकडे निघाली. खुणेच्या जागेपाशी ती थोडी बाजूला झाली आणि वळसा घालून पुढे गेली.